आयड्रॅक ९ : सर्व्हरमधला कोणता भाग गेला, हे तो किती खरं सांगतो?

रॅकमध्ये आठ सर्व्हर, त्यांतल्या एकाच्या तोंडावर पिवळा दिवा लुकलुकतोय आणि बिलिंग विभागातून फोनावर फोन येताहेत. अशा वेळी दोनच प्रश्न असतात: कोणता सर्व्हर आणि त्यातला कोणता भाग? डेलच्या पॉवरएज सर्व्हरमधला आयड्रॅक ९ या दोन्हींची उत्तरं देतो. पहिलं उत्तर चोख असतं. दुसऱ्या उत्तरात तो पत्ता बरोबर सांगतो, पण त्या पत्त्यावर राहणाराच दोषी असेल असं नाही. आयड्रॅकचा उपयोग आणि त्याची मर्यादा, दोन्ही या एका गोष्टीत आहेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: आयड्रॅक म्हणजे मदरबोर्डवरच बसवलेला एक छोटा स्वतंत्र संगणक. त्याचा प्रोसेसर वेगळा, मेमरी वेगळी, नेटवर्कचं पोर्टही वेगळं. सर्व्हर बंद असला तरी पॉवर केबल लागलेली असेपर्यंत तो जागा असतो. नववी आवृत्ती २०१७ मध्ये चौदाव्या पिढीच्या सर्व्हरांबरोबर आली, म्हणजे आर६४०, आर७४०, टी४४० वगैरे, आणि सोळाव्या पिढीपर्यंत तीच चालली. नागपूर परिसरात हिंगणा किंवा बुटीबोरीचा कारखाना असो, मिहानमधलं ऑफिस असो की धंतोलीतलं हॉस्पिटल, डेलचा गेल्या काही वर्षांतला सर्व्हर असेल तर बहुधा हाच असतो. खाली मुख्यतः आर७४० समोर ठेवून लिहिलं आहे. इतर मॉडेलांत पंख्यांची आणि रॅमच्या जागांची संख्या बदलते, पद्धत बदलत नाही.

बिघाडाच्या आधी करायची कामं

आयड्रॅकबद्दलच्या निम्म्या तक्रारी खरं तर न केलेल्या सेटिंगच्या असतात. सर्व्हर बसवताना मागचं पोर्ट रिकामं सोडलं जातं आणि बिघाडाच्या दिवशी लक्षात येतं की याचा आयपीच कुणाला माहीत नाही. मूळ आयपी १९२.१६८.०.१२० असतो आणि वापरकर्त्याचं नाव 'रूट'. पासवर्ड पुढच्या बाजूला ओढून बाहेर येणाऱ्या पट्टीवर छापलेला असतो. पट्टीवर नसेल तर जुना सर्वपरिचित 'कॅल्विन'. तो पहिल्याच दिवशी बदला. हे पोर्ट मॅनेजमेंटच्या वेगळ्या व्हीलॅनवर (एकाच स्विचवर वेगळं काढलेलं नेटवर्क) ठेवा आणि इंटरनेटवर कधीही उघडं टाकू नका. आयड्रॅक हातात आला की सर्व्हर बंद-चालू करण्यापासून डिस्क पुसण्यापर्यंत सगळंच परक्याच्या हातात जातं.

मग वेळ. आयड्रॅकचं घड्याळ जागतिक वेळेवर राहिलं तर त्याच्या लॉगमधली नोंद आणि विंडोज किंवा लिनक्सच्या लॉगमधली नोंद यांत साडेपाच तासांचं अंतर पडतं. पहाटे चारला डिस्क गेली की सकाळी साडेनऊला, यावर मग वाद होतात. एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवण्याची सोय) आणि भारतीय वेळ लावायला दोन मिनिटं लागतात.

आणि अलर्ट. ते आपोआप चालू असतील असं धरून चालू नका. अलर्टचं पान उघडून चालू करा, मेलचा सर्व्हर भरा आणि चाचणीचा मेल खरंच पोचतो का ते बघा. एका पॉवर सप्लायवर सर्व्हर तीन-तीन महिने चालत राहतो, कुणालाच पत्ता नसतो, आणि दुसरा गेला की मगच सगळे धावतात. दोन सप्लाय घेण्याचा सगळा खर्च त्या दिवशी पाण्यात जातो.

शेवटचं काम कागदाचं आहे. प्रत्येक सर्व्हरचा सात अक्षरी सर्व्हिस टॅग, रॅकमधली जागा, आयड्रॅकचा आयपी आणि कोणती केबल स्विचच्या कोणत्या पोर्टात, एवढं एका पानावर छापून रॅकच्या दारावर आतून चिकटवा. संगणकातली एक्सेल फाइल बिघाडाच्या वेळी नेमकी त्याच सर्व्हरवर असते.

रॅकसमोर उभं राहिल्यावर

आधी सर्व्हर ओळखायचा. आयड्रॅकच्या पानावरून किंवा 'रॅकॅडम सेटएलईडी' या आज्ञेने ओळख-दिवा लुकलुकता करा. पुढे निळा दिवा चालू होतो, आणि मागेही. मागचा जास्त कामाचा, कारण केबलांच्या जंजाळात पुढून पाचवा सर्व्हर मागून कितवा हे मोजताना माणसं चुकतात. दिव्याची भाषा सोपी आहे. स्थिर निळा म्हणजे सगळं ठीक. लुकलुकणारा निळा म्हणजे कुणीतरी ओळख पटवतंय. लुकलुकणारा पिवळा म्हणजे बिघाड आहे, लॉग बघा. स्थिर पिवळा दिसला तर सर्व्हर फेल-सेफ स्थितीत आहे.

आर७४० च्या डाव्या कानावर, म्हणजे पुढच्या डाव्या कडेच्या पट्टीवर, आणखी पाच छोट्या खुणा असतात: डिस्क, तापमान, वीज, मेमरी आणि पीसीआयई (जादा कार्डांचे स्लॉट). ज्यात बिघाड, ती खूण पिवळी होते. लॅपटॉप न उघडताच शोध पाचातल्या एका खोलीपुरता उरतो. डेलने ही सोय फार विचार करून दिली आहे.

नेटवर्कच बंद असेल तर? उजव्या कानावर एक मायक्रो यूएसबीचं पोर्ट आहे. जुन्या मोबाइलची डेटा केबल लावून लॅपटॉप जोडा, ब्राउझरमध्ये १६९.२५४.०.३ टाका, आयड्रॅक उघडतो. केबल आखूड घ्या, तीन फुटांपर्यंतची, आणि डेटा वाहणारी. फक्त चार्जिंगची केबल लावून 'पोर्ट बिघडलंय' असा निष्कर्ष काढणारे कमी नाहीत. आमच्या मते आयड्रॅक ९ मधली ही सगळ्यात कमी वापरली जाणारी आणि सगळ्यात उपयोगी सोय आहे.

लॉग दोन आहेत. सिस्टम इव्हेंट लॉग छोटा, फक्त हार्डवेअरच्या घटनांचा. लाइफसायकल लॉग मोठा. त्यात कुणी लॉगिन केलं, कोणतं फर्मवेअर चढलं, झाकण कधी उघडलं, कोणता भाग बदलला, सगळं येतं. घाई असेल तर पहिला वाचा, पण निर्णय दुसऱ्यावर घ्या. कारण बिघाडाच्या आधी काय घडलं ते दुसऱ्यातच सापडतं: आदल्या रात्री बायोस (सर्व्हर सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) अद्ययावत झालं होतं का, वीज गेली होती का. आणि काहीही पुसण्याआधी सपोर्ट रिपोर्ट काढून ठेवा. ती एक झिप फाइल असते. वॉरंटीच्या कॉलवर पहिली मागणी तिचीच होते.

मेमरी: पत्ता अचूक, निदान अर्धं

या बाबतीत आयड्रॅक सगळ्यात उजवा आहे, आणि फसगतही इथेच होते. संदेश साधारण असा येतो: एमईएम०७०१, डीआयएमएम (रॅमची पट्टी) ए३ वर दुरुस्त होणाऱ्या चुकांचं प्रमाण मर्यादेपलीकडे गेलं. ए म्हणजे पहिल्या प्रोसेसरच्या बाजूची रॅम, बी म्हणजे दुसऱ्याच्या. आर७४० मध्ये प्रत्येक बाजूला बारा जागा असतात. पहिल्या सहांचे खटके पांढरे, पुढच्या सहांचे काळे. नकाशा झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो, इंटरनेटवर शोधायची गरज नाही.

इथे लगेच ए३ काढून फेकू नका. एमईएम०७०१ हा इशारा आहे: ईसीसीने (रॅममधली चूक-दुरुस्तीची सोय) चूक पकडली आणि दुरुस्त केली, फक्त हे फार वेळा घडतंय. या पिढीच्या बायोसमध्ये रॅमच्या आतली खराब ओळ राखीव ओळीने बदलण्याची सोय आहे, आणि ती पुढच्या बूटच्या वेळी चालते. म्हणून क्रम असा: बायोस अद्ययावत करा, ठरवून एक रीबूट घ्या, आणि चूक परत येते का ते आठवडाभर बघा. बऱ्याचदा येत नाही. एमईएम०००१ मात्र वेगळी गोष्ट. ती दुरुस्त न होणारी, एकाहून अधिक बिटांची चूक आहे; सर्व्हर थांबतो किंवा थांबायला हवा. तिथे वाट पाहण्यात अर्थ नाही.

चूक परत आली, तर अदलाबदल. सर्व्हर बंद करा, दोन्ही पॉवर केबल काढा, उरलेली वीज जाण्यासाठी पुढचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा, मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधा. मग ए३ मधली रॅम बी३ मध्ये आणि बी३ मधली ए३ मध्ये. दोन्ही एकाच क्षमतेच्या आणि प्रकारच्या असाव्यात, हे आधी इन्व्हेंटरीच्या पानावर तपासा. चूक आता बी३ वर आली तर रॅम दोषी. ए३ वरच राहिली तर रॅम निर्दोष. स्लॉट, मदरबोर्ड किंवा पहिला प्रोसेसर आणि त्याचं सॉकेट यांपैकी काहीतरी आहे. दोन्हीकडे काहीच आलं नाही, तर रॅम नीट बसलेली नव्हती, एवढंच. नागपूरच्या धुळीत हा तिसरा प्रकार वाटतो त्याहून जास्त सापडतो. दुसऱ्या प्रकारात प्रोसेसर उचलायची वेळ आली तर सॉकेटच्या पिना भिंगाने आणि तिरक्या उजेडात पाहा. एक वाकलेली पिन एका संपूर्ण मेमरी चॅनलला आडवं पाडते. हीटसिंकला टी३० टॉर्क्स लागतो, खोलण्या-कसण्याचा क्रम त्याच्यावरच लिहिलेला असतो, आणि परत बसवताना थर्मल पेस्ट नवी.

या सगळ्या अदलाबदलीत आयड्रॅकचं काम फक्त मोजणी करण्याचं. डोकं तुम्हालाच चालवावं लागतं. पण ती मोजणी नसती तर चोवीस रॅम एकेक काढून बघण्यात दोन रात्री गेल्या असत्या.

पॉवर सप्लाय

पीएसयू०००१ म्हणजे सप्लाय बिघडला. पीएसयू०००३ म्हणजे सप्लायला वीजच पोचत नाही. वाचायला दोन्ही सारखेच वाटतात आणि दुसऱ्या संदेशावर चांगले सप्लाय बदलले जातात. पीएसयू०००३ आला तर आधी केबल, मग पीडीयूचं (रॅकमधली वीजवाटप पट्टी) सॉकेट, मग एमसीबी, मग यूपीएस. आधी केबल दुसऱ्या सॉकेटात लावा. दिवा हिरवा झाला तर सप्लायला हातही लावू नका. मृगाआधीची वादळं आली की विजेचे झटके बसतात आणि यूपीएसच्या एकाच फेजचा एमसीबी पडतो. रॅकमधल्या सगळ्याच सर्व्हरांचा दुसरा सप्लाय एकदम 'गेलेला' दिसला, तर दोष रॅकच्या बाहेर शोधायचा.

सप्लायवरचा दिवा: स्थिर हिरवा ठीक, लुकलुकणारा पिवळा बिघाड, विझलेला म्हणजे वीज नाही. नवा सप्लाय लावताच हिरवा पाच वेळा लुकलुकून विझला तर तो या सर्व्हरमधल्या दुसऱ्या सप्लायशी जुळत नाही. वॅट सारखे असून भागत नाही, जातही एकच लागते. आणि अशा वेळी दिवा लुकलुकून विझला तोच सप्लाय काढायचा. चालू असलेला काढलात तर सर्व्हर जागीच बंद पडेल.

डिस्क

डिस्क बदलणं म्हणजे सगळ्यात सोपं काम, म्हणूनच सगळ्यात मोठे अपघात इथे होतात. रेड ५ (एका डिस्कचा बिघाड सोसणारी रचना) मधली एक डिस्क गेलेली असताना शेजारची चांगली डिस्क ओढली की सगळा अ‍ॅरे, म्हणजे डिस्कांचा अख्खा गट, खाली. म्हणून तीन गोष्टी जुळल्याशिवाय खटक्याला हात नाही: आयड्रॅकवरचा बे क्रमांक, लुकलुकणारा दिवा आणि डिस्कचा सिरियल क्रमांक. आयड्रॅकमधून 'ब्लिंक' दिलं की त्या डिस्कचा दिवा सेकंदाला दोनदा हिरवा लुकलुकतो. गेलेल्या डिस्कचा दिवा सेकंदाला चार वेळा पिवळा लुकलुकतो. हिरवा, मग पिवळा, मग बंद, असा फिरत असेल तर डिस्क अजून गेलेली नाही, जाणार आहे. अशीच बदलायला सगळ्यात चांगली, कारण बाकीचा अ‍ॅरे शाबूत असतो. संथ हिरवा म्हणजे रीबिल्ड चालू आहे, तेव्हा चहा घ्या आणि काही करू नका.

आयड्रॅकच्या डिस्कवरच्या संदेशाला एक अपवाद लक्षात ठेवा. एका मिनिटात तीन-चार डिस्क 'गेल्या' असं तो सांगेल, तर तीन-चार डिस्क गेलेल्या नसतात. बॅकप्लेन (डिस्क ज्यात बसतात तो बोर्ड), त्याची केबल किंवा पर्क कंट्रोलर (अ‍ॅरे सांभाळणारं कार्ड) यांपैकी एक गेलेलं असतं. अशा वेळी डिस्क ओढून परत लावू नका, 'फॉरेन कॉन्फिगरेशन' (डिस्कांवर नोंदलेली अ‍ॅरेची मांडणी) पुसू नका. त्या एका क्लिकने वाचणारा डेटा जातो. सर्व्हर बंद करा, केबल दोन्ही टोकांना काढून घट्ट बसवा आणि मगच चालू करून अ‍ॅरे परत येतो का ते पाहा.

तापमान आणि पंखे: इथलं हवामान

आर७४० ला नेहमीच्या वापरासाठी समोरून आत जाणारी हवा १० ते ३५ अंशांची चालते. नवतपात (मेअखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस) बाहेर ४५ असताना एसी बंद पडला की ही मर्यादा गाठायला फार वेळ लागत नाही. तापमानाची खूण पिवळी झाली म्हणजे सर्व्हरमधलं काही बिघडलं असं समजू नका. आधी खोलीचा थर्मामीटर बघा.

पण सेन्सरही खोटं बोलतो. ३० मे २०२४ ला रामदासपेठेत कृषी विद्यापीठाच्या जागेवरच्या स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते, ते नागपूरकरांना आठवत असेल. दुसरी काही केंद्रं त्याच वेळी बरीच खाली होती, आणि शेवटी सेन्सरच बिघडल्याचं निष्पन्न झालं. रॅकमध्येही हाच न्याय लावायचा: त्याच रॅकमधल्या वरच्या आणि खालच्या सर्व्हरचं इनलेट तापमान शेजारी शेजारी लिहा. दोघं २६-२७ दाखवताहेत आणि मधला एकटाच ४१, तर दोन शक्यता. एक, त्याच्या शेजारची रिकामी जागा ब्लँकिंग पॅनल (रिकामी जागा झाकणारी पट्टी) न लावता सोडली आहे आणि मागची गरम हवा पुढे वळून येते. पुठ्ठ्याचा तुकडा आडवा लावून दहा मिनिटांनी आकडा बघा. उतरला, तर पॅनल विकत घ्या. उतरला नाही, तर दुसरी शक्यता: सेन्सर. प्रोसेसरचं आणि बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमान साधारण असेल तर संशय पक्का.

पंख्यांचं निदान सरळ आहे. आर७४० मध्ये सहा पंखे असतात, संदेशात क्रमांक येतो, पंखा चालू सर्व्हरमध्येही बदलता येतो. फक्त झाकण पाच मिनिटांपेक्षा जास्त उघडं ठेवू नका, कारण हवेचा मार्ग झाकणामुळेच तयार होतो. सगळे पंखे एकदम जेट विमानासारखे ओरडायला लागले आणि लॉग स्वच्छ असला, तर कुणीतरी डेलची नसलेली पीसीआयई कार्ड लावली आहे का बघा. ओळखीचं नसलेलं कार्ड दिसलं की आयड्रॅक खबरदारी म्हणून पंखे वाढवतो. तो बिघाड नव्हे, आणि सेटिंगमधून बदलता येतो.

एक गोष्ट मात्र आयड्रॅक कधीच सांगणार नाही: सर्व्हर रूमच्या खिडकीत लावलेला वाळ्याचा कूलर. एसी बंद पडला की 'तोवर कूलर लावू' हे नागपुरातल्या कोणत्याही ऑफिसात पहिलं वाक्य असतं. कूलर पाणी उडवूनच थंड करतो. सर्व्हरला ८० टक्क्यांपर्यंत आर्द्रता आणि २९ अंशांपर्यंत दवबिंदू चालतो. कूलरसमोरच्या बंद खोलीत आर्द्रतेची ही मर्यादा सहज ओलांडली जाते. त्या ओलाव्याबरोबर धूळ चिकटते आणि सहा महिन्यांनी रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर, पीसीआयई स्लॉटमध्ये त्याचा हिशेब निघतो, आज ए२, उद्या बी५, परवा नेटवर्क कार्ड. लॉगमध्ये असे एकमेकांशी संबंध नसलेले बिघाड विखुरलेले दिसले की भाग बदलत बसू नका, खोली बघा. एसी येईपर्यंत दार उघडून साधा पंखा लावणं आणि गरज नसलेले सर्व्हर बंद करणं हे कूलरपेक्षा कधीही बरं. उलट टोकही आहे: एप्रिल-मेच्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की लोकरी किंवा नायलॉनच्या कपड्यांनी रॅम हातात घेतली तर ठिणगी दिसण्याआधीच चिप मरू शकते. मनगटाचा पट्टा ही शोभेची वस्तू नाही.

नेटवर्क: आयड्रॅकची अर्धवट नजर

सर्व्हर 'नेटवर्कवरून गायब' झाला तर दोष कार्डात, एसएफपीत (पोर्टात बसवायचा छोटा जोड, बहुधा फायबरसाठी), केबलमध्ये की स्विचच्या पोर्टात? आयड्रॅक लिंक चालू की बंद ते दाखवतो, आणि स्विचवर एलएलडीपी (जोडलेली यंत्रं एकमेकांना ओळख सांगतात ती पद्धत) चालू असेल तर ही केबल कोणत्या स्विचच्या कोणत्या पोर्टात गेली आहे तेही दाखवतो. ही सोय सोन्यासारखी आहे. केबल ओढून 'हलते का बघ रे' म्हणत शोधण्याचे दिवस तिने संपवले. पण त्यापुढे आयड्रॅक फारसा कामाचा नाही. आकडे ऑपरेटिंग सिस्टममधून आणि स्विचमधून काढावे लागतात.

बघायचा आकडा सीआरसी चुकांचा, म्हणजे वाटेत बिघडलेल्या डेटा-पाकिटांचा. सर्व्हरच्या बाजूला आत येणाऱ्या पाकिटांत चुका वाढत असतील तर दोष स्विचच्या पाठवणाऱ्या टोकापासून सर्व्हरच्या घेणाऱ्या टोकापर्यंत कुठेतरी. स्विचच्या पोर्टवर वाढत असतील तर उलट दिशा. स्विच कट-थ्रू पद्धतीचा असेल तर मात्र सावध: तो खराब पाकीट पूर्ण न तपासता पुढे ढकलतो, आणि तिसऱ्याच यंत्रावरची चूक तुमच्या सर्व्हरच्या नावावर जमा होते.

मग एका वेळी एकच बदल. आधी पॅचकॉर्ड. आकडा लिहा, दहा मिनिटं थांबा, परत वाचा. मग तीच केबल दुसऱ्या पोर्टात. मग एसएफपीची अदलाबदल. कार्ड शेवटी. केबल आणि पोर्ट एकदम बदलून चूक थांबली, तर दोषी कोण हे कधीच कळणार नाही आणि खराब केबल ड्रॉवरमध्ये जाऊन सहा महिन्यांनी दुसऱ्या सर्व्हरला लागेल. तांब्याच्या केबलवर गिगाबिटची लिंक अचानक १०० मेगाबिटवर उतरली तर कार्डाला दोष देण्याआधी चारही जोड्या टेस्टरने बघा. गिगाबिटला चारही लागतात, १०० ला दोन पुरतात. एक तार तुटली की बहुतेक कार्डं गुपचूप खाली उतरतात. आणि फॉल्स फ्लोअरखाली उंदीर आहेत का, तेही बघून घ्या.

जिथे तो गोंधळतो

प्रोसेसरचा संदेश, सीपीयू००००, अंतर्गत चूक. यात प्रोसेसरचं नाव येतं, पण त्याने फक्त ओरड केलेली असते. मागे पीसीआयई कार्ड, रॅम, जुनं बायोस, काहीही असू शकतं. हा संदेश आल्यावर थेट प्रोसेसर मागवणं म्हणजे पैसे घालवणं. याच सेकंदाच्या आसपास पीसीआयईची नोंद आहे का ते लाइफसायकल लॉगमध्ये शोधा. ती नोंद बऱ्याचदा स्लॉट न सांगता बस, डिव्हाइस आणि फंक्शनचे आकडे सांगते. मग इन्व्हेंटरीत तो बस क्रमांक कोणत्या कार्डाचा ते जुळवावं लागतं. एवढी माहिती स्वतःजवळ असताना आयड्रॅकने स्लॉटचं नाव दर वेळी सरळ का लिहू नये, हे कोडंच आहे.

सर्व्हर सुरूच होत नसेल तर किमान सामानावर या: मदरबोर्ड, पहिला प्रोसेसर हीटसिंकसह, ए१ मध्ये एक रॅम, एक सप्लाय. बाकी रायझर (कार्डं बसवायचे उभे बोर्ड), कार्डं, डिस्क, दुसरा प्रोसेसर सगळं बाहेर. इतक्यावर सुरू झाला की एकेक भाग परत लावत जायचं. सुरू होणाऱ्या सर्व्हरवर एफ१० दाबून लाइफसायकल कंट्रोलरमधून हार्डवेअर चाचणी चालवता येते, पण मेमरीची सविस्तर चाचणी काही तास घेते, रविवार काढून ठेवा.

आयड्रॅक स्वतःही कधी गोठतो: पान उघडत नाही, सेन्सर रिकामे दिसतात. ओळख-दिव्याचं 'आय' बटण सोळा सेकंद दाबून धरा, तो एकटाच रीस्टार्ट होतो, सर्व्हरवरचं काम चालू राहतं. यासाठी सर्व्हर बंद करायची गरज नाही.

परवाना, सुटे भाग आणि जुना सर्व्हर घेताना

लॉग, सेन्सर आणि दिवे यांसाठी महागडा परवाना लागत नाही. रॅक सर्व्हरवर दूरून स्क्रीन बघायची, कीबोर्ड चालवायचा, आयएसओ (इन्स्टॉलेशनच्या डिस्कची फाइल) जोडायची तर एंटरप्राइझ परवाना लागतो. सर्व्हर बुटीबोरीला आणि तुम्ही वर्धा रोडवर असाल तर तो घ्याच. एका फेरीचं पेट्रोल आणि वेळ मोजली तरी पटेल. सर्व्हर शेजारच्याच खोलीत असेल तर त्या पैशांत एक राखीव सप्लाय आणि दोन डिस्क घेऊन ठेवणं जास्त शहाणपणाचं.

सुट्या भागांचं म्हणाल तर सीताबर्डीच्या बाजारात डेस्कटॉपची रॅम हवी तेवढी मिळेल, पण ती इथे चालत नाही. सर्व्हरला रजिस्टर्ड ईसीसी रॅम लागते आणि साधी डेस्कटॉप रॅम तिची जागा घेऊ शकत नाही. मागवताना आयड्रॅकच्या इन्व्हेंटरीतून पार्ट क्रमांक, वेग आणि रँक जसेच्या तसे उतरवून द्या, 'बत्तीस जीबी डीडीआर४' एवढं पुरत नाही. वॉरंटीचा करार करताना भाग किती वेळात येणार याचबरोबर तो नागपूरच्या पत्त्यावर किती वेळात येणार, हे लिहून घ्या.

जुना आर७४० घ्यायला गेलात तर डबा चकचकीत आहे की नाही ते नंतर. दुकानातच वीज लावा, मायक्रो यूएसबीने लॅपटॉप जोडा आणि लाइफसायकल लॉग उघडा. रॅमच्या त्याच जागेची नोंद पुन्हा पुन्हा आली असेल आणि मध्ये रॅम बदलल्याच्याही नोंदी असतील, तर बिघाड मदरबोर्डात आहे आणि विकणाऱ्याला तो माहीत आहे. लॉग अगदी कोरा असेल, पहिली नोंद कालचीच असेल, तर कुणीतरी पुसला आहे. पुसणं गैर नाही, कंपन्या सर्व्हर विकताना तसं करतातच; पण मग पैसे देण्याआधी सगळ्या जागा रॅमने भरून रात्रभर मेमरी चाचणी लावायला सांगा. विकणारा 'त्याची काही गरज नाही' म्हणाला, तर दुसरं दुकान बघा.